द्वारकाबाईंचं उद्यापन

"आधी त्यांना घाल, मग तू खाय. आन् गोळी बारीक कर, चतुरे. तोंड केवढंसं असतंय त्यांचं, तुझ्यावाणी लाडू गिळणारे न्हाईत ते."

रत्नागिरीला मांडवीच्या काळ्या वाळूवर बसून चतुराबाई कणकेच्या गोळ्या वळत होत्या आणि थोरल्या जावेचा आवाज कानात जसाच्या तसा उतरत होता. द्वारकाबाईंना जाऊन चार महिने होत आले होते. पण कणीक हातात घेतली की त्या बोलायला लागायच्या, आणि बोलायला लागल्या की चतुराबाईंना उत्तर द्यावंसं वाटायचं. "करते की बारीक," त्या पुटपुटल्या. शेजारून चाललेल्या एका बाईनं वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

समुद्र त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांच्या नर्सीची कयाधू नदी एका दिशेनं जाणारी. गेलेलं पाणी गेलं. हे पाणी मात्र विसरलेलं काहीतरी घ्यायला आल्यासारखं धावत यायचं, वाळूत चाचपडायचं आणि रिकाम्या हातानं माघारी फिरायचं.

नर्सीला नदीच्या काठी दोघी जावांचं घर. दोघींचे मालक पाठोपाठ गेलेले. द्वारकाबाईंचा एकुलता मुलगा वैजनाथ नोकरीपायी हिंगोलीत राहायचा. चतुराबाईंना मूलबाळ झालं नाही. एक तप, म्हणजे बारा वर्षं, रोज सकाळी माशांना कणकेच्या गोळ्या घालीन आणि त्याआधी तोंडात घास घालणार नाही, असा नेम द्वारकाबाईंनी नामदेवरायाच्या देवळात धरला होता. नेम थोरलीचा, पण कणीक मळायची धाकटी. "पुण्य माझं, हातकाम तुझं," असं द्वारकाबाई खुशाल म्हणायच्या आणि वर समजूत घालायच्या, "तोंड पाडू नको. देवाला सांगून अर्धं तुझ्या नावावर लावते."

उन्हाळ्यात कयाधू आटायची. देवळाखालच्या डोहात तेवढं पाणी राहायचं, आणि त्यातलेही मासे दिवसागणिक कमी होत जायचे. एका चैत्रात द्वारकाबाई डोहाकडं पाहत म्हणाल्या, "कुठं जातेत गं हे?"

"समिंदरात जात असतील, अक्का. नदी तिकडंच जाती ना शेवटी."

चतुराबाईंनी हे सहज म्हटलं होतं. शाळेत असताना कधीतरी ऐकलेलं, तेवढंच. पण द्वारकाबाईंनी त्यावर पक्कं घर बांधलं. "मंग उद्यापन समिंदरावर करायचं. आपण पोसलेली लेकरं तिथं ऱ्हायला गेलीत म्हणल्यावर नेमाचा शेवटचा घास तिथंच जाऊन घालावा लागंल."

तप पुरं व्हायला थोडे महिने उरले असताना श्रावणात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवसांत एकच घोर लागला होता. "अर्धा नेम ठिवून मेलेल्या माणसाचा जीव वर जात न्हाई, चतुरे. उंबऱ्यावर बसून ऱ्हातोय."

"मी पुरा करीन की."

"घालशील त्यांना? जिथं गेले असतील तिथं जाऊन?"

"जिथं गेले असतील तिथं जाऊन घालीन, अक्का."

मग द्वारकाबाईंनी डोळे मिटले. चतुराबाईंनी उरलेले महिने नेम चालवला, कार्तिकात तप पुरं झालं, आणि महिन्याभरानं बचत गटाच्या बायकांची कोकणची सहल निघाली तेव्हा त्यांनी घरच्या गव्हाचं पीठ पिशवीत बांधून घेतलं.

ह्या उद्यापनाला आणखी एक गोष्ट बांधलेली होती. वैजनाथनं सांगून ठेवलं होतं, "काकू, आईचं उद्यापन झालं की नर्सीचं घर बंद करू. तुमी एकट्या किती दिवस राहणार? साधनानं तुमच्यासाठी खोली रिकामी केली आहे." वैजनाथ मनाचा चांगला. त्याची बायको साधनाही चांगली. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून शेजारच्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. चतुराबाई एकदा तिथं दोन रात्री राहिल्या होत्या, आणि सकाळी उठून कणीक कुठं न्यावी हे न कळून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. तरी त्यांनी वैजनाथला 'व्हय' म्हटलं होतं. नेम संपला म्हणजे नदीकाठी राहायला कारण तरी काय उरणार होतं?

आता त्या उठल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या, मनात द्वारकाबाईंचं नाव घेऊन संकल्प सोडला आणि ओंजळभर गोळ्या पाण्यात टाकल्या.

कयाधूत गोळी पडायचा अवकाश, पाणी उकळल्यासारखं व्हायचं. ही तोंडं, ती तोंडं, शेपटीला शेपटी. इथं काहीच हललं नाही. लाट आली, तिनं गोळ्या उचलल्या आणि चतुराबाईंच्याच पायाशी आणून टाकल्या. त्यांनी पुन्हा टाकल्या. पुन्हा परत. एक गोळी विरघळून पिठाचा पांढरा डाग झाली आणि वाळूत मुरून गेली.

"झालं का काकू? चहा निवून राहिला," किनाऱ्यावरून शिवकन्या ओरडली. ती गटाची अध्यक्ष, सहलीची पुढारी. बसमध्ये कोणी कुठं बसायचं इथपासून कोणी कधी हसायचं इथपर्यंत सगळं तिच्या हातात.

"ह्यांनी खाल्लं का न्हाई, दिसंना गं."

"एवढ्या मोठ्या घरात कोण जेवलं, कोण उपाशी ऱ्हायलं, कसं दिसायचं? तुमी घातलं ना? मंग झालं."

झालं म्हणजे झालं. चतुराबाईंनी समुद्राला नमस्कार केला, खण-नारळ वाहिला. त्यांना वाटलं होतं, उद्यापन झाल्यावर काहीतरी हलकं वाटेल. चहा मात्र हातात तसाच निवून गेला.

तिथून बस मिरकरवाड्याच्या बंदरावरून गेली. होड्या नुकत्या लागल्या होत्या. कोळणी टोपल्या पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि टोपल्यांत मासेच मासे, चंदेरी, तांबूस, सुरीसारखे लांबट. अर्ध्या बायकांनी नाकाला पदर लावला. शिवकन्या मागं वळून म्हणाली, "चतुराकाकू, बघून घ्या, तुमचे पाहुणे हैत का त्यात कोणी."

बस हसली. चतुराबाईही थोडं हसल्या, कारण द्वारकाबाई असत्या तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. पण त्या खरोखरच बघत होत्या. खिडकीला कपाळ लावून एकेक टोपली बघत होत्या, आणि ओळखीचा एकही चेहरा नव्हता.

मग मत्स्यालय. दारातल्या व्हेल माशाच्या सांगाड्याशी बायकांनी फोटो काढले. आत अंधारात काचेच्या पेट्या, त्यांत निळा उजेड. पट्ट्यापट्ट्यांचे मासे, काटेरी मासे, एक कासव म्हाताऱ्या माणसासारखं मान हलवत फिरणारं. बायका "अगं बाई" करत पुढं सरकत होत्या. चतुराबाई पहिल्याच पेटीशी थांबल्या होत्या. काचेपलीकडचा मासा तोंड उघडायचा, मिटायचा. बंद खिडकीआडून कोणी बोलावं आणि आपल्याला ऐकू येऊ नये, तसं.

माहिती सांगणारी एक तरुण मुलगी जवळ आली, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बाई, ह्याच्यात कयाधूचा मासा कोणता?"

"कयाधू म्हणजे? कुठची नदी ती, मावशी?"

"आमची. हिंगोलीकडची. उन्हाळ्यात आटली की तिथले मासे इकडं येतेत."

ती मुलगी हसली नाही, हे तिचं चांगलं. "नदीतले मासे असे समुद्रात राहायला येत नाहीत हो, मावशी. तुमच्या नदीतले गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यात आले तर जगायचे नाहीत."

"मंग आटल्यावर कुठं जातेत?"

"जवळ मोठी नदी असेल, खोल डोह असतील, तर पाण्याबरोबर तिकडे उतरतात. कुठे मिळते तुमची नदी?"

 उत्तर पाठीमागून आलं. शिवकन्येची मुलगी पूजा तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. नद्या आणि उपनद्या तिच्या जिभेवर होत्या. "पैनगंगेला. कयाधू पैनगंगेला, पैनगंगा वर्धेला, अन् पुढं ते सगळं पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात जातंय. आजी, हा समुद्र आपला न्हाईच."

एका गुणाचा प्रश्न सोडवावा तसं ती बोलली, आणि मग चतुराबाईंचा चेहरा पाहून तिनं जीभ चावली.

"लई शानी," शिवकन्या पुढं होऊन म्हणाली. "काकू, तुमी मनाला लावून घेऊ नका. समिंदर समिंदर एकच असतोय. देव भाव बघतोय, नकाशा न्हाई."

चतुराबाईंनी वाद घातला नाही. कोणाशी वाद घालायची त्यांची रीत नव्हती. देव भाव बघतो हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी शब्द देवाला दिला नव्हता, द्वारकाबाईंना दिला होता. आणि द्वारकाबाई बाजारातून मेथी आणायला सांगून शेपू आणली तर दारातून परत पाठवणाऱ्या.

दुपारी सगळ्या थिबा राजवाडा बघायला गेल्या. ब्रह्मदेशचा राजा इंग्रजांनी इथं आणून ठेवला होता, तो परत आपल्या मुलखात गेलाच नाही, इथंच मेला, असं सांगणाऱ्यानं सांगितलं. बायका लाकडी नक्षी बघत होत्या. चतुराबाई सज्जात उभ्या राहून झाडांच्या वरून दूर दिसणाऱ्या पाण्याकडं बघत होत्या.

"पूजे, त्या राजाच्या मुलखातल्या नद्या ह्याच समिंदराला येतेत का?"

पूजानं आधी त्यांच्याकडं पाहिलं. सकाळचं तिच्या मनात राहिलं असावं. "न्हाई आजी," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याबी तिकडच्याच."

म्हणजे तोही इतकी वर्षं भलत्याच पाण्याकडं बघत बसला होता. चतुराबाईंना त्याची दया आली.

संध्याकाळी वैजनाथचा फोन आला. "झालं का काकू बराबर सगळं?"

"न्हाई रे. ऱ्हायलं."

"काहून?"

"जागा चुकली. आपली नदी इकडं येत न्हाई म्हणं."

 "बरं. तुमी आधी नीट घरी या. पुढचं पुढं बघू."

फोन पिशवीत ठेवताना चतुराबाईंच्या लक्षात आलं की आपला जीव हलका झाला आहे. सकाळी उद्यापन झालं असं वाटलं तेव्हा झाला नव्हता तो आता झाला होता. नेम संपला नव्हता. उद्या सकाळी कणीक मळायची होती, परवाही मळायची होती. परतीच्या वाटेवर बायका अंताक्षरी खेळत होत्या, आणि त्या आपल्या कोपऱ्यात बसून तो हलकेपणा मुठीत धरून होत्या, कोणाला दिसू न देता.

नर्सीला त्या पोचल्या तेव्हा शेजारची रहिमाबी ओट्यावर वाटच बघत होती. चतुराबाई गावी नसताना माशांना घालायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. "काकू, फिकर करू नका, मी टाकते रोज," असं म्हणाली होती आणि तसं केलंही होतं.

"तुमचे मासे लई मिजाशी," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझ्या हातचं खायनात. मी म्हणलं, ऱ्हावा उपाशी. दुसऱ्या दिवशी आले बराबर."

"तकलीफ झाली तुला."

"तकलीफ कसली? समुद्रावरचं काम झालं?"

चतुराबाईंनी सगळं सांगितलं. रहिमाबीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पैनगंगा तर आपल्या बाळापूरच्या पलीकडं. काय लांब न्हाई."

"व्हय," चतुराबाई म्हणाल्या. "जाईन की."

पण त्या गेल्या नाहीत. पौष लागला. सकाळी नदीवर धुकं उतरायचं. त्या देवपूजा करायच्या, तुळशीला पाणी घालायच्या, कणीक मळून घाटाच्या पायऱ्या उतरायच्या. पाण्यात तोंडं उमटायची. द्वारकाबाई बोलायच्या, कधी गोळीवरून, कधी साधनाच्या फोडणीवरून, कधी उगाच. चतुराबाई उत्तरं द्यायच्या. इथं वळून बघणारं कोणी नव्हतं. पूजानं मोबाइलवर नकाशा काढून संगम दाखवला होता आणि "माझी परीक्षा झाली की मी येते आजी तुमच्यासंगं" असंही म्हणाली होती. चतुराबाईंनी ते बरं मानलं. परीक्षा अजून लांब होती. वैजनाथचा फोन यायचा, त्याला त्या "थंडी कमी होऊ दे" म्हणायच्या.

घरात मात्र बाकीचा दिवस सरता सरायचा नाही. दुपारी माळेचे मणी ओढताना त्या मधेच थांबायच्या. एका माणसाच्या स्वयंपाकाला आवाज नसतो. पातेल्यावर झाकण ठेवलं तरी ते दुसऱ्या कोणाच्या घरात ठेवल्यासारखं वाटायचं. मग त्या उद्याच्या सकाळची वाट बघायच्या.

एके दिवशी रहिमाबी घाटावर धुणं घेऊन आली. चतुराबाई पायरीवर बसून बोलत होत्या. रहिमाबी धुणं भिजवत बसली, आणि त्या बोलायच्या थांबल्या तेव्हा तिनं विचारलं, "अक्का होत्या?"

चतुराबाई ओशाळल्या. पण रहिमाबीपासून काय लपवायचं? "रोज येतेत गं. कणीक हातात घेतली की येतेत."

"बरं हाये. सोबत होती तुमाला." रहिमाबीनं एक लुगडं पिळलं, झटकलं. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "पण काकू, तुमीच सांगितलं होतं, अर्ध्या नेमाचा जीव उंबऱ्यावर बसून ऱ्हातोय म्हणून. म्हातारं माणूस. थंडीचे दिवस. किती दिवस बसवायचं बाहीर?"

 रहिमाबीनं धुणं उचललं आणि वर गेली.

त्या दिवशी चतुराबाई बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. धुकं उठलं, ऊन पाण्यावर आलं. आजवर त्यांना वाटत होतं की द्वारकाबाई आपल्यासाठी येतात, आपण एकट्या पडू नये म्हणून. तसं नव्हतं. त्यांना जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. त्यांना आपण धरून ठेवलं होतं, आपल्याला दुपारी करमत नाही म्हणून. गुडघे दुखायला लागले की द्वारकाबाई दारातल्या पायरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "चतुरे, हात दे गं, मला उठू दे." हात द्यायला चतुराबाईंनी आयुष्यात कधी उशीर केला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी देवाजवळ दिवा लावला आणि वैजनाथला फोन केला.

"वैजू, रविवारी टेम्पो घेऊन ये. सामान थोडंच हाये. तुळस तेवढी जपून न्यावी लागंल."

"काकू? बरं हाये ना तुमाला? आईचं उद्यापन..."

"उद्या होतंय."

"मी येऊ का संगं?"

"तुला नोकरी हाये. माझं मी जाईन."

सकाळी त्यांनी नेहमीसारखी आंघोळ केली, पूजा केली, आणि कणीक मळली. गोळ्या वळताना आज त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत. ओल्या फडक्यात गोळ्या गुंडाळल्या, नवा खण आणि नारळ पिशवीत ठेवला. तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. घाटावर घालायच्या थोड्या गोळ्या द्यायला त्या रहिमाबीच्या दारात गेल्या.

"आज एवढ्या तू घाल."

रहिमाबीनं पिशवीकडं पाहिलं, चतुराबाईंकडं पाहिलं. "डबा बांधून देऊ? वाटेत लागंल."

"त्यांनी खाल्ल्यावर खाईन."

"मंग त्याच्यासाठीच देते की. त्यांनी खाल्ल्यावरच खावा." तिनं दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून पिशवीत सरकवली.

हिंगोलीच्या स्टँडवर नांदेडकडं जाणारी गाडी लागलेली होती. चतुराबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. कळमनुरी मागं पडली. हळदीची पिवळी पडत चाललेली शेतं, उसाचे ट्रॅक्टर, मधेच रस्त्यापासून दूर नदीच्या काठची झाडं दिसायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. बाळापूरला त्या उतरल्या. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांची पोती, बैलांची गर्दी, चहाच्या टपऱ्या. एका टपरीवर भोयाचा एक म्हातारा बसला होता, खांद्यावर जाळं टाकून. त्याला त्यांनी विचारलं, "दादा, कयाधू पैनगंगेला मिळती ती जागा कुणीकडं?"

"संगमाला? काय काम काढलं, माय?"

"माशांना घालायचंय."

म्हातारा आपल्या जाळ्याकडं बघून जरासा हसला. "तिथं लई हैत. खोल डोह हाये, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. वरच्या अंगाचे सगळे उतरून तिथंच येतेत." त्यानं बाजारापलीकडं जाणारी वाट दाखवली. "जीप जाती तिकडच्या गावापर्यंत. पुढं पायी जावं लागंल. जीप भरायला वेळ हाये, बसा जरा. चहा घ्या."

"चहा नको," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीत हात घालून फडकं चाचपलं. ते अजून ओलं होतं. पण ऊन चढत होतं आणि कणीक सुकायला वेळ लागत नाही. जीप भरायची वाट बघत त्या बसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, म्हाताऱ्यानं दाखवलेली वाट धरली आणि बाजारातून बाहेर पडल्या.